साठ घरांचं एकच उत्तर

१९८७ च्या हिवाळ्यात हैदराबादच्या विद्यापीठातून सुगुणा नावाची संशोधक सीमेवरच्या, मराठी बोलणाऱ्या भीमपूर गावात आली. आमदार लोकांच्या मनातलं बोलतात की स्वतःच्या, हे तिला मोजायचं होतं. गावाला आधी काय हवं, हा प्रश्न तिने आमदाराला विचारला होता. तोच आता साठ घरांत विचारायचा. तिला मराठी येत नव्हती, म्हणून शाळेतल्या रेणुकाबाई दुभाषी झाल्या.

दोन दिवस प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं. "सडक."

रुक्माबाईनेही तेच सांगितलं, तेव्हा रेणुकाबाई थबकल्या. ही बाई रोज कोसभर चालून पाणी आणायची.

"काऊन वो, सडक काऊन?"

रुक्माबाईने आधी सुगुणाकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला. "मोतीराम सांगून गेला. कागद आमदाराकडंच जाते म्हणे. हापसी मागितली त रेशनकार्ड जाईन."

मोतीराम आमदाराचा माणूस. पण प्रश्न त्याला आधीच कसा कळला? परतताना रेणुकाबाईंनी सुगुणाला तेलुगूत सरळ विचारलं, "तुम्ही नेमक्या कोणाच्या?"

सुगुणाचा चेहरा उतरला. परवानगीसाठी तिने प्रश्नांचा कागद तहसील कचेरीत दिला होता; तिथूनच तो फुटला असणार. आमदाराचं उत्तरही सडकच होतं, हेही तिने आत्ता रेणुकाबाईंना सांगितलं. कागदावर आमदार आणि गाव तंतोतंत जुळत होते.

रेणुकाबाईंचा तिच्यावर पुरता विश्वास बसला नाही. तरी त्यांनीच उपाय सुचवला. चिठ्ठ्यांवर चित्रं काढली: सडक, हापसी, दवाखाना, शाळा. प्रत्येक घराने हव्या त्या चित्राची एकच चिठ्ठी टाकायची; नाव नाही, सही नाही. घरोघरी बंद डबा फिरवला आणि चिठ्ठी टाकताना दोघी पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

हापसी एकेचाळीस, सडक सात.

सुगुणा गेल्यावर मोतीराम शाळेत आला. "बाई, हापसी कोनं कोनं मागितली?"

"चिठ्ठीवर नावं नव्हती."

"अक्षर त तुमी वळखता सगळ्यायचं."

"चित्रं होती."

तो हसला आणि गेला. महिन्याभरात, शाळेचं वर्ष अर्धं असताना, रेणुकाबाईंची बदली बाजारहत्नूरला झाली. हुकमात कारण नव्हतं. वर्षाने सुगुणाचा इंग्रजी अहवाल टपालाने आला. त्यात आकडे खरे होते, गावाचं नाव मात्र नव्हतं.

बदलीच्या दिवशी रुक्माबाई मोटारीपर्यंत पोचवायला आली होती. "बाई, म्या तं..."

"मले नका सांगू," रेणुकाबाई घाईने म्हणाल्या, आणि वळून मोटारीच्या मागच्या बाकावर कोण बसलंय ते पाहून घेतलं.