सरकारजमा होता होता

मित्रांनो, परळच्या चाळीत सुभद्राबाईंच्या खिडकीशी जी काळी शिलाई मशीन दिसते, ती मी. आता माझे वय झाले आहे. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसट झाली आहे. तरीही मी जे पाहिले, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

गिरणी बंद पडल्यावर सुभद्राबाईंच्या सासूबाईंनी, गंगुबाईंनी, मला घरी आणले. त्यांच्यानंतर सुभद्राबाई माझ्यावर बसू लागल्या. शाळेचे गणवेश, ब्लाउज, डिसेंबरात चैत्यभूमीवर जाणाऱ्यांचे पांढरे सदरे असे किती कपडे आम्ही दोघींनी शिवले! "बाईंच्या मशीनचा टाका उसवत नाही," असे लोक म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे बाईंना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन होऊन नीट दिसू लागेपर्यंत त्यांनी मला निलेश नावाच्या ओळखीच्या शिंप्याला भाड्याने दिले. त्याचा माझगावला गाळा होता. तिथे तो साध्या शर्टांवर एका बड्या कंपनीची खोटी लेबले शिवून घेई. मला काय ठाऊक, लेबल खरे की खोटे? एके दुपारी पोलीस आले. त्यांनी निलेशला पकडले आणि गाळ्यातल्या सगळ्या मशीन उचलून नेल्या. मला चिठ्ठी बांधली, लाखेचे सील लावले आणि पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत ठेवले. तिथे कुणीच न्यायला न आलेल्या सायकली होत्या, शेगड्या होत्या. माझ्या सुईला गंज चढू लागला.

बाई मला शोधत तिथवर आल्या. दारातच अंमलदार म्हणाले, "निलेशला लेबलं लावताना पाहिलं, असा जबाब द्या. मग मशीन सोडायला आमची हरकत नाही."

"मी त्या गाळ्यात कधी गेलेच नाही," बाई म्हणाल्या. "पाहिलं नाही ते पाहिलं कसं सांगू?"

"मग ती सरकारजमा होईल."

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि त्या निघून गेल्या.

निलेशने कोर्टात गुन्हा कबूल केला. आता आम्हा जप्त मशीनचे काय करायचे, ते ठरायचे होते. मला कोर्टात नेऊन ठेवले. बाई काळा चष्मा लावून उभ्या होत्या. शेजारी त्यांच्याच चाळीतली नम्रता होती, ती आता वकील झाली होती.

सरकारी वकील म्हणाले, "गुन्हा या मशीनवर झालाय. भाड्यानं देताना चौकशी करायला नको? ती सरकारजमा करावी."

न्यायाधीशांनी बाईंना विचारले, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"साहेब, निलेशनं चूक केली, त्याला शिक्षा झाली. मशीन नेलीत तर शिक्षा मला होते. माझा गुन्हा काय, तेवढं सांगा."

मित्रांनो, सरकार केवढे मोठे असते! त्याच्याकडे पोलीस, गाड्या, कुलपे, सगळे असते. त्याला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने शांतपणे कारण विचारले, आणि त्याला उत्तर देणे भाग होते. मी लोखंडाची, पण त्या क्षणी मला स्वतःच्या वजनाचा विसर पडला.

"गाळ्यात काय चालतं ते या बाईंना माहीत होतं, याचा काही पुरावा?" न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारले.

ते कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "नाही."

मला मालकिणीला परत करण्याचा हुकूम झाला. सील तुटले. मला बाहेर व्हरांड्यात आणून ठेवले, तोच मागून चाळीतली शेजारीण मालन आली. तिची मशीनही त्याच गाळ्यातून नेली होती, पण सरकारने नेले ते गेले असे समजून ती गप्प बसली होती.

"बाई, माझी पण सुटंल का गं?"

"मागितल्याबिगर कसं कळंल? चल, नम्रता अजून आतच आहे."

इतक्या दिवसांनी मी परत मिळाले होते, तरी मला तिथेच ठेवून बाई मालनचा हात धरून पुन्हा आत गेल्या. मला मुळीच वाईट वाटले नाही.

मित्रांनो, आपल्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांच्यावर धूळ साचू देऊ नका. आणि कुणी त्या नेल्या, नेणारा कितीही मोठा असो, तर त्याला कारण विचारा. शेजारणीची वस्तू नेली, तर तिच्याबरोबर जा.