तीन नंबरचा हेडफोन

दुसऱ्याच्या कानातला मळ तुम्ही कधी पुसलाय? मी पुसलाय. एका दुपारी नऊ माणसांचा. सहा हेडफोन, प्रत्येकाच्या दोन गाद्या, म्हणजे बारा गाद्या स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने घासायच्या. कापूस आधी पिवळा होतो, मग तपकिरी. गादीच्या शिवणीत कोंडा अडकलेला असतो, एखादा केस असतो, आणि केसाला लावलेल्या कसल्याशा जेलचा चिकट थर. पहिल्या वेळी मी अर्ध्यात उठून मोरीत जाऊन उभी राहिले होते.

मी मूळची रेडिओतली. एकोणीस वर्षं ध्वनिमुद्रण केलं. तो विभाग बंद झाला तेव्हा एका मासिकात लागले. बाजारात येणाऱ्या वस्तू तपासून त्यांची तुलना छापणारं हे मासिक. इस्त्री, पंखे, गाद्या, काहीही. आवाजाचं काही आलं की ते माझ्या टेबलावर यायचं. ऑफिसात मला सगळे ‘कानबाई’ म्हणत. आधी राग यायचा, मग सवय झाली.

त्या महिन्यात विषय होता महागडे बिनतारी हेडफोन. सहा कंपन्यांचे सहा. मी ठरवलं, हे काम नीट करायचं. माणूस किंमत बघून ऐकतो, डबा बघून ऐकतो, म्हणून गाद्या तेवढ्या उघड्या ठेवून सगळ्यांवर काळ्या कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि वर फक्त नंबर ठेवले. ऐकणाऱ्याने डोळे मिटायचे, मी मागून हेडफोन चढवायचा. सगळ्यांचा आवाज मापकावर मोजून अगदी सारखा केला, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो. ही आवाजाच्या धंद्यातली सगळ्यात जुनी लबाडी.

ऐकायला दिले मीच मुद्रित केलेले चार तुकडे. एक माणूस हळू आवाजात गोष्ट वाचतोय. चार जणी एकाच वेळी गप्पा मारताहेत. कागदाची घडी घातली जातेय. आणि चौथा, माझ्या आत्याचं व्हायोलिन. आत्या व्हायोलिन शिकवते. रेडिओत असताना मी तिला स्टुडिओत बसवून तो तुकडा घेतला होता. त्यात गज तारेवर टेकतो तेव्हाची बारीकशी खरखर आहे. ती ऐकू आली, तर हेडफोन खरा.

नऊ जण ऐकायला बसले. टायपिस्ट, हिशेबनीस, दारावरचा पहारेकरी, असे ऑफिसातले आठ, आणि नववे माझे धाकटे दीर. भाऊजींना या विषयातलं सगळं कळतं, असं भाऊजींचं मत. त्यांच्याकडे तीन नंबरचाच हेडफोन होता, सगळ्यात महाग, धातूच्या अंगाचा. अर्थात पिशवीत तो आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

“वहिनी, माझा हेडफोन मी झोपेत ओळखीन,” ते बसताबसता म्हणाले.

तीन नंबर चढवला तसं त्यांनी तोंड वाकडं केलं. “छे! काय हा डबा! रांजणात तोंड घालून कोणी बोलतंय असं वाटतंय. याला शेवटचा नंबर.”

मी पिशवी काढून दाखवली. भाऊजींनी हेडफोन उलटा केला, सुलटा केला, नंबर तपासला.

“हा पीस खराब आहे,” ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

हसू आलं, पण निकाल स्पष्ट होता. नऊपैकी सात जणांनी तीन नंबरला सर्वांत खाली टाकलं होतं. त्याचा खालच्या पट्टीतला आवाज सुजलेला होता. गोष्ट वाचणाऱ्याचे स आणि श एकमेकांत मिसळत होते. चार जणींच्या गप्पांचा नुसता गलका होत होता. गजाची खरखर पार पुसली गेली होती. माझी मापं तेच सांगत होती. पहिला आला पाच नंबर, राखाडी प्लास्टिकचा, दिसायला अगदी बापुडवाणा.

मी लेख लिहून संपादकांकडे नेला. संपादकांना एक सवय होती. पेनाचं टोपण कानात घालायचं, गोल फिरवायचं, बाहेर काढून निरखायचं आणि मग तेच टोपण पेनाला लावायचं. माझा लेख वाचतानाही त्यांचं ते चाललं होतं.

“कानबाई, लेख फर्मास आहे. फक्त तीन आणि पाच जरा खालीवर करा.”

“म्हणजे?”

“म्हणजे तीन वर, पाच खाली. तीनवाल्यांची मागच्या कव्हरवर जाहिरात आहे. वर्षभर.”

“पण नऊ जणांनी ऐकलंय. मी मोजलंय.”

“अहो, कान काय, प्रत्येकाचा वेगळा.” टोपण पुन्हा आत गेलं. “उद्या कोणी कोर्टात थोडंच जाणार आहे?”

“मग माझं नाव काढा,” मी म्हटलं.

“काढतो. त्यात काय.”

मी बाहेर आले. अंगावर पाल पडावी तसं झालं होतं, पण मनात म्हटलं, नाव तर नाही ना आपलं.

अंक आला. बाराव्या पानावर मीच होते, नावासकट. डोक्यावर तीन नंबर चढवलेला माझा फोटो. तो काम चालू असताना छायाचित्रकाराने कधी टिपला मला कळलंही नव्हतं. खाली ठळक अक्षरांत: ‘एकोणीस वर्षांचा अनुभवी कान सांगतो, पहिला नंबर याचाच!’ आणि आत मी न लिहिलेलं वाक्य: ‘शब्द न शब्द सुटा ऐकू येतो. यातही अस्पष्ट वाटलं, तर दोष हेडफोनचा नाही, कानाचा समजावा.’

मी अंक घेऊन संपादकांच्या टेबलासमोर उभी राहिले.

“पान आधीच लागलं होतं हो,” ते म्हणाले. “शिवाय नावाशिवाय लेखाला वजन येत नाही. आणि ते कानाचं वाक्य कसं वाटलं? मी टाकलं.”

मला त्यांचा चेहरा बघवेना. काय केलं मी? काहीही नाही. मिठाची गुळणी धरून परत जागेवर येऊन बसले. नोकरी होती, वय झालं होतं, दुसरीकडे कोण घेणार होतं. कोण वाचतंय एवढं, असं म्हणत पुढच्या महिन्याचे मिक्सर उघडले. त्या दिवसापासून अन्नाला चव नव्हती. आरशासमोर तोंड धुताना स्वतःची शिसारी यायची. पण शिसारी आली म्हणून माणूस सुधारतो असं थोडंच आहे? मी सहा आठवडे रोज वेळेवर ऑफिसला जात होते.

सातव्या आठवड्यात आत्याच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. “अगं, तुझी आत्या बरी आहे ना? शिकवण्या बंद केल्यात तिने. मुलींना परत पाठवते. व्हायोलिन कपाटात टाकलंय.”

मी तशीच निघाले. आत्या एकटी राहते, दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत नेहमी खुर्च्या गोलात मांडलेल्या असायच्या. त्या दिवशी त्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या. टेबलावर एक चकचकीत डबा होता. डबा मी लांबूनच ओळखला.

“हे कधी घेतलंस?” मी विचारलं.

“घेतलं,” आत्या म्हणाली. “तुझा फोटो बघितला ना. म्हटलं, आपल्या पोरीने निवडलंय, मग विचार कसला करायचा. मुली घरून वाजवून पाठवतात, ते नीट ऐकायचं होतं.”

“मग?”

“कान गेले गं माझे.”

“कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं? ऐकू येत नाही मला. मुलगी गज नीट टेकवते की नाही, कळत नाही. आधी वाटलं, मशीनच तसं असेल. मग तुझा लेख पुन्हा वाचला. तूच लिहिलंयस की. दोष कानाचा समजावा. मग तर समोर बसून वाजवलेलं ऐकतानाही खात्री वाटेना.” ती हसली. “ज्याला ऐकू येत नाही त्याने शिकवणं म्हणजे पोरींना फसवणं. म्हणून सांगून टाकलं, येऊ नका.”

मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. बाहेर आले तेव्हा आत्या डब्यावरची धूळ पदराने पुसत होती. माझ्या नावाने आलेली वस्तू ती अशी जपत होती.

“आत्या, तो लेख मी लिहिलेला नाही.”

“फोटो तुझा आहे.”

“फोटो माझा आहे. निकाल उलटा छापलाय. हा सगळ्यात शेवटचा आला होता. तुझाच तुकडा वाजवला होता, त्यात गज ऐकूच आला नाही कोणाला.”

मी ऑफिसात गेले, पाच नंबर कोणाला न विचारता पिशवीत घातला आणि परत आले. आत्याच्या डोक्यावर चढवला, तिचा तो जुना तुकडा लावला. ती डोळे मिटून बसली. दहा सेकंदं गेली असतील. तिचा उजवा हात मांडीवर हलला, गज धरल्यासारखा.

“इथे मी गज दाबलाय,” ती म्हणाली. “जरा जास्तच. तेव्हाही लक्षात आलं होतं माझ्या.”

मला रडू फुटलं. मला वाटलं, आता ती जवळ घेईल. तिने हेडफोन काढला आणि घडी करून टेबलावर ठेवला.

“उलटं छापलं, हे तुला कधी कळलं?”

“अंक आला त्या दिवशी.”

“म्हणजे दीड महिना झाला.”

“हो.”

“आणि तू काय केलंस?”

“काही नाही.”

“मला एक फोनसुद्धा नाही?”

तू वाचशील असं वाटलं नव्हतं, हे तोंडातून निघेना. वाचणारी ती नसती, तर दुसरं कोणी चालणार होतं, असाच त्याचा अर्थ होता.

“या दीड महिन्यात,” आत्या एकेक शब्द तोलून म्हणाली, “मी रोज सकाळी उठून आधी नळ सोडायचे. आवाज येतो का बघायला. आता जा तू. मला जरा बसू दे.”

दुसऱ्या दिवशी मी नऊही जणांचे कागद बाहेर काढले. टायपिस्टने सही केली, पहारेकऱ्याने केली, हिशेबनिसाने दार लावून घेऊन केली. भाऊजींकडे गेले. ते बराच वेळ चुळबुळ करत होते.

“म्हणजे मी माझ्याच हेडफोनला डबा म्हणालो, हे छापून येणार?”

“येणार.”

“द्या पेन,” ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांना नावं ठेवणं कमी केलं.

संपादकांना कागद दाखवून दुरुस्ती छापायला सांगितली. ते हसले. “वाचकाला खरं नको असतं हो, पहिला नंबर हवा असतो.” मी राजीनामा टेबलावर ठेवला आणि सगळे कागद, सगळी मापं माझ्या नावाने इंटरनेटवर टाकली. खाली लिहिलं की हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी दीड महिना गप्प बसले. लोकांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या. त्यांतल्या निम्म्या मला पटल्या.

मासिकाने पुढच्या अंकात चार ओळी छापल्या: ‘छपाईतील अनवधानाने क्रमांक बदलले गेले.’ अनवधानाने! त्याच अंकाच्या मागच्या कव्हरवर तीन नंबर तसाच झळकत होता. मी तो अंक चिमटीत धरून कचऱ्यात टाकला आणि साबणाने हात धुतले.

आत्याला मी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यायला तयार नव्हती, जे ऐकावं लागेल त्याची भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाल्या, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत, अगदी वरच्या पट्टीत थोडंसं कमी, ते सगळ्यांचंच होतं. आत्याने तो कागद दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर तिने फोन लावायला घेतले. सात मुलींपैकी चार परत आल्या. दोघींनी नाद सोडला होता. सातवी, सगळ्यांत तयार, दुसऱ्या बाईंकडे जाऊ लागली होती. आत्या फोनवर तिला म्हणाली, “तिथेच राहा, सारखी गुरू बदलू नये.” फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत होती.

आता मी एका शाळेच्या नाट्यगृहात ध्वनियंत्रणा सांभाळते. शनिवारी सकाळी आत्याकडे जाते, खुर्च्या गोलात मांडून देते. ती माझ्याशी बोलते, चहा देते, कधी हसतेसुद्धा. परवा तिला व्हायोलिनच्या नव्या तारा घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, “या घे, चांगल्या आहेत.”

“दुकानात वाजवून बघते,” आत्या म्हणाली आणि चपला घालायला लागली.