युलालीकाकूंची थंड खोली

मायामीच्या दक्षिणेला, की वेस्ट बेटावर एसी बसवायचं सरकारी लायसन्स माझ्याकडे आहे, आणि म्हणून सगळं बेट मला पेंग्विन म्हणतं. खरं नाव झेनायडा पिंडर. त्या नावाने मला फक्त माझी आई हाक मारते, तीही चिडली की. आमच्याकडे टोपणनाव पडलं की माणूस त्यातून सुटत नाही, आणि इथे पडण्यासारखी त्याहून वाईट नावं पुष्कळ आहेत, त्यामुळे माझी तक्रार नाही.

थॅड ऑल्बरी हा माझ्या धंद्याचा जन्माचा वैरी. आयुष्यभर समुद्रातून शेवंडी काढल्या, आणि किनाऱ्यावर आला की एसीवाल्यांना शिव्या घातल्या. त्याच्या आजोबांनी जहाजं बांधता बांधता त्याचं राहतं लाकडी घर बांधलं, त्याला खिडक्याच इतक्या ठेवल्या की वारा विचारल्याशिवाय आत येतो. माझी गाडी गल्लीतून गेली की हा ओट्यावरून ओरडायचा, "पेंग्विन, उत्तर ध्रुव तिकडे!" पेंग्विन दक्षिणेला असतात हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

म्हणून तो टोपी हातात घेऊन माझ्या फाटकात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, कोणी तरी गेलं.

"हसायचं नाही," तो म्हणाला.

"मी कुठे हसले, थॅडकाका?"

"डोळ्यांनी हसलीस. मला एसी हवाय. एका खोलीपुरता."

युलालीकाकू, त्याची बायको, फुप्फुसांच्या दुखण्याने मायामीच्या हॉस्पिटलात होती. आता बरी होती, पण डॉक्टरने अट घातली होती. घरात एक खोली रात्रंदिवस थंड आणि कोरडी राहिली पाहिजे. शुक्रवारी नर्स येऊन मोजणार. आकडा जमला तर काकू घरी, नाही जमला तर तिकडेच एका वृद्धाश्रमात तिच्यासाठी खाट धरून ठेवलेली होती.

"तिथे तिला कोण ओळखतं?" थॅडकाका म्हणाला, आणि मग बराच वेळ माझ्या फाटकाची कडी वरखाली करत राहिला. मला भरून आलं. मी उगाच दटावून म्हटलं, "कडी तुटेल. चला, घर दाखवा."

खोली त्याने निवडली, पुढची. आमच्याकडे पुढची खोली म्हणजे घरातली सगळ्यात चांगली खोली, चांगला सोफा, चांगली कपाटं, आणि तिथे कोणी बसत नाही. मीही मान डोलावली. आजारी माणसाला घरातलं उत्तम द्यायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे? परवानगी काढली. जुन्या घरांच्या समितीला रस्त्यावरून यंत्र दिसलेलं चालत नाही, म्हणून बाहेरचं खोकं कुंपणाआड, पुराच्या पाण्याच्या वर उंच चौथऱ्यावर ठेवलं. भिंतीचं जुनं पाइनचं लाकूड इतकं कडक की ड्रिलची पाती मोडली आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून थॅडकाकाला फार बरं वाटलं. फळ्यांच्या फटी बुजवल्या. यंत्र लावलं. संध्याकाळपर्यंत खोली गार आणि कोरडी. मी खूश होऊन घरी गेले.

सकाळी येऊन बघते तर आरशावर वाफ, सोफा ओलसर, जमिनीवर पाय चिकटतोय. यंत्र बिचारं रात्रभर धापा टाकत होतं. वर पाहिलं. गरम हवा बाहेर जायला जुन्या घरांच्या छताला असतं ते झडपेचं भोक सताड उघडं, आणि दोन खिडक्यांच्या झडपाही.

माझ्या डोक्यात सणक गेली. "हे कोणी उघडलं?"

"मी," तो म्हणाला. "संध्याकाळी घर उघडायचं असतं. घराला श्वास नको?"

"घराला श्वास हवा, आणि काकूला? अहो, तुम्हाला बायको हवी की वारा?"

तो सोफ्यावर बसला. त्या सोफ्यावर त्याला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "इथे दार बंद करून ती एकटी बसणार. कोणी येणार नाही, काही ऐकू येणार नाही. मग हॉस्पिटल काय वाईट होतं? मी तिला एका खोक्यातून काढून दुसऱ्या खोक्यात घालतोय, पेंग्विन."

मला भांडायचं होतं. पण तो खरं बोलत होता. आणि मला एकदम कळलं की इतक्या धावपळीत आम्ही दोघांनी एका माणसाला काहीच विचारलं नव्हतं. मी तिथूनच मायामीला फोन लावला.

"पुढची खोली?" युलालीकाकूचा आवाज बारीक होता, पण धार तीच. "त्या खोलीत माझ्या सासूला मेल्यावर ठेवलं होतं. मलाही तेव्हाच ठेवा. तोवर मला माझं स्वयंपाकघर पाहिजे. पेंग्विन, तू तरी डोकं वापरायचंस!"

मी कपाळावर हात मारला. स्वयंपाकघर मागे, नंतर बांधलेलं, छत बुटकं, छताला भोक नाही, आणि एका वादळानंतर थॅडकाकानेच भिंती नव्याने घट्ट केलेल्या. थंड करायला सगळ्या घरात सोपी जागा. पण पुढची खोली म्हटल्यावर आमच्या दोघांच्याही अकलेला टाळं लागलं होतं.

परवानगी मात्र पुढच्या खोलीची होती. नियम मोडला तर लायसन्स जाईल, आणि नर्स परवा येणार. मी कचेरीत धावले. तिथे मारिसेला बसते, माझ्या शाळेतली.

"आधी पुढची, आता मागची," ती म्हणाली. "उद्या कोंबड्यांच्या खुराड्याला बसवशील."

"युलालीकाकूसाठी आहे गं."

तिने चष्मा काढला. "तिच्या हातचा पेरूचा डफ, तो उकडलेला गोड रोल, खाऊन मी लग्नाच्या झग्यात मावत नव्हते. नियम वाकवणार नाही हं. नवा नकाशा दे, तपासनिसाला आजच पाठवते."

तपासनीस दुपारी आला, नकाशा आणि जागा ताडून गेला. मग मी आणि थॅडकाका झटलो. पुढचं यंत्र काढून मागे लावलं, पाण्याची नळी परसात सोडली, मागच्या दाराच्या कडांना रबर लावलं, दोघांचा पलंगही तिथे आणून टाकला. संध्याकाळी तो सवयीने उठला, खिडकीपर्यंत गेला, झडपेवर हात ठेवला, आणि तसाच परत येऊन बसला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

शुक्रवारी नर्स आली. टेबलावर मोजायचं यंत्र ठेवून ती कॉफी पीत बसली. आम्ही दोघं भिंतीला टेकून, निकालाच्या दिवशीची पोरं जशी. तिने आकडा वाचला, लिहिला, आणि म्हणाली, "छान. आणा त्यांना घरी." थॅडकाका बाहेर गेला. परसात त्याने नाक शिंकरल्याचा आवाज आला, फार मोठा.

काकू आली त्या संध्याकाळी मी यंत्र पाहून घ्यायच्या निमित्ताने गेले. खिडकीपाशी बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती. शेजारपाजारचे एकेक करून मागच्या दाराने, न ठोठावता, आत शिरत होते, जसे नेहमी शिरतात. आणि बाहेर पायरीवर, घामाने निथळत, थॅडकाका प्रत्येकावर खेकसत होता, "दार लावा! लाज नाही वाटत? दार लावा!"

सगळे गेले. तो दार किलकिलं करून उंबऱ्यात उभा राहिला.

"काही हवंय?" त्याने विचारलं.

"आत ये नाहीतर बाहेर जा," काकू म्हणाली. "माझी हवा घालवू नकोस."

"मला ती हवा सोसत नाही, तुला माहितीये."

काकूने शेंग खाली ठेवली. "तिकडे मला काय सोसत नव्हतं, विचारलंस का कधी? औषध सोसलं, सुया सोसल्या. रात्री हात लांब केला की नुसता पलंगाचा दांडा लागायचा, थॅड. तो नाही सोसला."

त्याने चपला बाहेर काढल्या, आत आला, आणि ज्या घराचं मागचं दार त्याने उभ्या जन्मात लावलं नव्हतं ते वळून दोन्ही हातांनी घट्ट लावून घेतलं.