पारीखालच्या पोरीचे वाचक

हर्षा खोब्रागडेने कादंबरी लिहिली ही चूक नव्हती, छापली ही चूक झाली. लिहिलेलं कपाटात पडून राहतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. छापलेलं मात्र लोक वाचतात, आणि वाचून गप्प बसतील तर ते लोक कसले!

कादंबरीचं नाव 'पारीखालची पोरगी'. पार म्हणजे तलावाचा बांध. गोंड राजांच्या काळात एका गावात तलाव बांधायला घेतला, पार दोनदा फुटली, तेव्हा गावच्या मालकाने भुरी नावाची एका मजुराची पोरगी पारीत जिवंत गाडली. मग भुरी पाण्यातून उठली आणि एकेकाचे पाय धरून त्याला जाब विचारू लागली. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली एवढी साधी गोष्ट. हर्षा ब्रह्मपुरीला शाळेत शिकवायची, आणि तलाव तिने आपल्या हिरडबोडी गावचा घेतला होता, कारण तोच तिला नीट माहीत होता. बाकी सगळं मनाचं. तसं तिने पहिल्या पानावर छापलंही होतं, पण पहिलं पान वाचतो कोण?

मे महिन्यात पुस्तक आलं आणि तिच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो काही उतरेना. वरोऱ्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी सहा पानी पत्र पाठवलं. एकोणचाळिसाव्या पानावर भुरीची आई भाजीत मिरची घालते, त्या काळी आपल्याकडे मिरची आली होती काय, पुरावा द्यावा. राजुऱ्याच्या एका बाईंनी फोन करून सांगितलं की त्यांचा मुलगा आता बाथरूमला एकटा जात नाही, याची जबाबदारी कोणाची? पुण्याहून एका समीक्षकांनी कळवलं की भाषा 'थोडी सोपी' केली तर पुस्तक महाराष्ट्रात वाचलं जाईल. जणू ब्रह्मपुरी महाराष्ट्रात नव्हतीच! आणि वडशाचे हरिदासभाऊ, झाडीपट्टीतले नाटकवाले, ते तर दारातच येऊन बसले.

"मॅडम, नाटक जबरदस्त होते. फक्त दोन लावण्या टाका, अन् एक कॉमेडीवाला."

"हरिदासभाऊ, पोरगी जिवंत गाडतात हो त्यात."

"मंग? गाडल्यावर टाका. पब्लिक किती वेळ रडन?"

हर्षाने चहा पाजून त्यांना वाटेला लावलं आणि दार लावून घेतलं. हे सगळे लोक बोलत होते, आणि जो माणूस बोलावा असं तिला वाटत होतं, तो एक अक्षर बोलत नव्हता. तो म्हणजे तिचा बाप, सोमाजी. रेल्वेत गँगमन म्हणून हयात काढलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण निवृत्तीनंतर गावच्या विहारातलं कपाटच्या कपाट वाचून काढलेला, हातात पेन्सिल घेऊन, खटकेल तिथं खूण करत. पहिली प्रत हर्षाने त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली, पिशवीत टाकली, संपलं. जून गेला, दिवाळी गेली. ती दर रविवारी गावी जायची आणि तो धानाच्या भावाबद्दल बोलायचा. चांगलं लिहिलं म्हण, वाईट लिहिलं म्हण, पण बाबा, काहीतरी म्हण की! एवढं विचारायची मात्र तिची हिंमत व्हायची नाही.

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी सोमाजी स्वतःच काळीपिवळी जीपने ब्रह्मपुरीला आला. चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही.

"तुह्या पुस्तकाले सेंदूर लागला," तो म्हणाला.

आठ महिन्यांत पुस्तकाबद्दल त्याचं हे पहिलं वाक्य होतं. हर्षाला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. रविवारी ती घरूनच परतायची, पारीकडे फिरकायची नाही, म्हणून तिला पत्ता नव्हता. तलावाच्या पारीवर, बरोबर जिथं पुस्तकात भुरीला गाडलं होतं तिथं, कोणीतरी एक दगड मांडून त्याला शेंदूर फासला होता. हिरव्या बांगड्या वाहिल्या होत्या. पंधरा दिवसांत नारळाच्या कवट्यांचा ढीग झाला होता. आणि सरपंच धनराज चौथरा बांधायच्या गोष्टी करत होता.

"चाळीस वर्षं मी गावात सांगून राह्यलो, दगडाले हात जोडू नका," सोमाजी म्हणाला. "लोकं हसले, शिव्या देल्या, पन एवढं तं कोणी म्हटलं नव्हतं. काल शेजारची गुणाबाई म्हणते, सोमाजी, देव मानत नव्हते न तुमी? आता तुमच्याच घरातून देवी निघाली!"

हर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसंच ती त्याच्यासोबत निघाली.

तलाव धान निघाल्यावरच्या दिवसांत असतो तसा अर्धा भरलेला होता, आणि पलीकडे धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोळीची डाळ हिरवी झाली होती. पारीवर गुणाबाई आणि धनराज आधीच उभे. सोमाजी घरून कुदळ घेऊन आला होता.

"गुणाबाई, हे सगळं मी मनानं लिहिलं," हर्षा म्हणाली. "भुरी नावाची कोणी पोरगी नव्हती."

"अवो माय, तुले वाटते तू लिवलं," गुणाबाई समजुतीने म्हणाली. "अंगात आल्याबिगर एवढे दोनशे पानं कोनी लिवते का? तिनं लिहाले लावलं तुले."

"तीन वर्षं लागली मला! रात्रंदिवस डोकं फोडलं!"

"पाह्य बरं. तीन वर्षं झपाटली होती पोरगी, अन् बापाले पत्ता नाई."

धनराजला वेगळीच घाई. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो भुरीमाय देवस्थानाला 'क' वर्गाचा दर्जा, म्हणजे सरकारी निधी, मागणार होता. "मॅडम, फक्त एक करा. दुसऱ्या छपाईत गावचं नाव मोठ्या अक्षरात टाका. अन् शेवटी भुरी मालकाले मारते ना, त्याच्या जागी नवसाले पावते असं काही पाहा."

या लोकांना कुठल्या भाषेत सांगावं!  सोमाजीने कुदळ उचलली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आबाजी, थांबा. दगड मी मांडला."

गुणाबाईची नात दिव्यानी होती. नववीतली, सायकल हातात, पाठीला दप्तर. हर्षाने शाळेला पुस्तकाच्या वीस प्रती दिल्या होत्या, तेव्हा 'मला पाहिजे' म्हणून पहिल्यांदा हात वर करणारी हीच. गुणाबाईचा चेहरा पडला. देवी आपोआप प्रकटली असं ती गावभर सांगून बसली होती.

"तू?" सोमाजी म्हणाला. "तू मानते हे?"

"मी नाई मानत. पन विक्की मानते."

मग तिने सांगितलं, सायकलचं हँडल घट्ट धरून, कोणाकडे न बघता. शाळा तलावाच्या पलीकडे, रस्ता पारीवरून एकच. शाळा सुटली की विक्की आणि त्याचे तिघं दोस्त पारीवर गाड्या आडव्या लावून बसायचे. सायकली अडवायचे, नाही नाही ते बोलायचे. वर्गातल्या रंजीताने घरी सांगितलं, तर घरच्यांनी तिचीच शाळा सोडवली आणि दिवाळीनंतर तिचं लग्न लावून दिलं. बाकीच्यांनी मग घरी सांगितलंच नाही. पुढे वर्गात पुस्तक वाचलं गेलं, गोष्ट पोरांपर्यंत पोचली. डिसेंबरअखेर एका संध्याकाळी विक्कीचा पाय पारीवरून घसरला आणि तो पाण्यात पडला. बाहेर आला तो 'भुरीनं पाय धरला' म्हणून बोंबलतच. दुसऱ्या दिवशी पारीवर कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी दिव्यानीने दगड मांडला.

"म्हटलं, पोट्टे विसरून जातीन. आठवण राह्यली पाह्यजे," ती म्हणाली. "नारळं लोकायनं आणले. आमी फक्त दगड आणला. तुमी फोडत असान तं फोडा आबाजी. मंग रोज पाच वाजता तुमीच इथी उभे राह्यजा. भुरीले रविवार नसते."

 हर्षाने बापाकडे पाहिलं. हा माणूस मुलांच्या लग्नातसुद्धा हळदीला शिवला नव्हता. तो आता काय करणार हे तिला माहीत होतं, आणि त्याने तसं करू नये असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

सोमाजीने कुदळ खाली ठेवली.

"कितीजणी आहा?"

"अकरा."

"थे जे बोलले, थे लिहून काढा. जसंच्या तसं. तारीख टाका. अकराही जणी सही करा. सव्वीस तारखेले सभेत आणा."

"अन् दगड?" दिव्यानीने विचारलं.

"तोवर राहू दे."

"बाबा!" हर्षा म्हणाली.

"तोवर म्हटलं ना मी," सोमाजी खेकसला आणि कुदळ खांद्यावर टाकून चालता झाला. त्याच्या मागे धावत जाऊन काही विचारावं, तर तो धानाच्या भावावरच बोलला असता.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना जिलबी वाटून झाली आणि ग्रामपंचायतीसमोर सभा बसली. हर्षाला धनराजने मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. पहिलाच विषय देवस्थान. मग काय विचारता! ज्यांनी पुस्तक वाचलं ते बोलले, ज्यांनी नाही वाचलं ते जास्त बोलले. एक म्हणाला भुरी आमच्या भावकीतली, दुसरा म्हणाला नाही, आमच्या. एकाने सुचवलं की मॅडमने लिहिलेला मालक दुसऱ्या गावचा दाखवावा, आपल्या गावाची बदनामी होते. कोणाला शेवट आवडला नव्हता, कोणाला सुरुवात. तासभर हे चाललं. हर्षा दात आवळून बसली होती. एकदा तिच्या मनात आलं की उठावं आणि ओरडून सांगावं, बापहो, तुम्ही वाचू नका, तुमच्या पाया पडते!

मग सोमाजी उठला. "एक कागद वाचायचा आहे," तो म्हणाला. "हर्षा वाचन."

"नाई," मागून दिव्यानी म्हणाली. "मीच वाचीन."

तिच्या हातात वहीतून फाडलेलं पान होतं. ती उभी राहिली आणि वाचू लागली. तारीख. कोण होतं. काय बोललं. कोणाची ओढणी ओढली. कोणाची सायकल पाण्यात टाकली. जे शब्द होते ते तिने गाळले नाहीत, वाचताना तिचा आवाज दोनदा अडकला आणि दोन्ही वेळा ती तिथूनच पुढे गेली. शेवटी लिहिलं होतं, 'रंजीताले बारावीपर्यंत शिकायचं होतं. आमाले भूत नाई पाह्यजे. आमाले पारीवरून घरी जाता आलं पाह्यजे.' खाली अकरा सह्या.

 बाप्ये लोक जमिनीकडे पाहू लागले. ज्या गुणाबाईचं तोंड कधी बंद राहिलं नव्हतं, तिने पदर तोंडाला लावला.

"बोला ना," सोमाजी म्हणाला. "आठ महिने पुस्तकावर बोलून राह्यले. आता काऊन गप?"

 मग बायांमधून विक्कीची आई मीराबाई उठली. ती सरळ मागे गेली, भिंतीला टेकलेल्या विक्कीचा दंड धरला आणि त्याला ओढत सगळ्यांच्या पुढे आणून उभं केलं.

"अखीन एक डाव वाच, पोरी," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "याच्यापुढं वाच."

दिव्यानीने पुन्हा वाचलं, पहिल्यापासून. या वेळी आवाज अडकला नाही. विक्कीने मान वर केली नाही. वाचून झाल्यावर धनराज घसा खाकरून म्हणाला, "मंग थे देवस्थानाचं..."

"पोरींले विचार," सोमाजी म्हणाला.

दिव्यानीने मागे बसलेल्या दहाजणींकडे पाहिलं. "आधी पाहू, थे कसे वागतात," ती म्हणाली. "मंग दगड आमीच उचलू."

ती कागदाची घडी करायला लागली, तेव्हा सोमाजी तिच्याजवळ गेला. खिशातून पेन्सिल काढली, पण कागदावर कुठंच खूण केली नाही.

"चांगलं लिहिलं, बाई," तो म्हणाला. "लय चांगलं लिहिलं."

हर्षा चार हातांवर बसली होती. आठ महिने ज्या शब्दासाठी ती झुरली होती, तो शब्द बापाने एका नववीतल्या पोरीच्या पानभर मजकुराला देऊन टाकला, सगळ्या गावासमोर, आणि खरं सांगायचं तर तिला आधी संतापच आला. तिने दिव्यानीकडून तो कागद मागून घेतला, एकेक ओळ मास्तरणीच्या नजरेने वाचली, कुठे एखादा शब्द तरी फालतू सापडतो का ते शोधलं. एकही सापडला नाही. बाबांचं बरोबर होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.