न वितळलेली तार

मी एक जुनी तांब्याची तार आहे, मित्रांनो. माझी लांबी वीतभरसुद्धा नाही, पण मला वाटणारी लाज सांगायला ही जागा पुरायची नाही.

गोव्यात पेडण्यातल्या गोकुळदासांच्या विहिरीवर पंप आहे. त्याच्या केबलीत मी बहिणींसोबत खूप राबले. ते दिवस ताठ मानेचे होते. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरातल्या दिव्यांच्या लाइनीचा फ्यूज सारखा जाऊ लागला. गोकुळदास वैतागले. त्यांनी बारीक फ्यूजतार उपटली, काढून टाकलेल्या केबलीच्या तुकड्यातून मला सोललं आणि त्या जागी पिळून बसवलं.

"आता बघ, कसो जाता फ्यूज तो!" ते म्हणाले.

फ्यूज पुन्हा गेलाच नाही. शेजारचे सखाराम आल्यागेल्याला सांगत, "गोकुळदासान घातलेली तार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अहो, प्रवाह वाढला की आपण वितळायचं आणि घर वाचवायचं, एवढंच तर फ्यूजचं काम! मी जाडजूड. वितळणं माझ्याच्यानं होणार कसं?

यंदा चवथीच्या आदल्या दिवशी गॅस संपला. गोकुळदासांच्या बायकोनं, चंद्रावतीबाईंनी, नेवऱ्या म्हणजे करंज्या तळायला विजेची शेगडी दिव्याच्या बोर्डाला लावली. शेजारी मिक्सरही घरघरत होता. त्या बोर्डाची जुनी, सांधा दिलेली वायर गणपतीच्या मखरामागून जात होती.

"आयकलात? कसलो तरी करपट वास येता," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

"तुझी नेवरीच करपली आसतली!" गोकुळदास म्हणाले.

नेवऱ्या छान गुलाबी होत्या. गोकुळदासांची अकरावीतली मुलगी सुविधा धावत माझ्या शेजारच्या मीटरपाशी आली.

"बाबा, दोनशे तीस व्होल्ट आणि बारा अँपिअर! गुणलं तर दोन हजार सातशे साठ वॅट. व्होल्टला अँपिअरनं भागलं तर रोध जेमतेम एकोणीस ओहम. रोध इतको कमी, म्हणून प्रवाह इतको जास्त. ही लाइन पाच अँपिअरची! फ्यूज गेलो कसो नाय?"

तिनं मेन स्विच बंद केला, फ्यूज उपसला आणि मला पाहिलं. मी लख्ख होते, जशीच्या तशी. मखरामागच्या वायरीचं आवरण मात्र वितळलं होतं आणि मखराच्या कागदाची कड काळी झाली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर नेवऱ्या तळणारी ती माऊली आगीतच सापडली असती.

गोकुळदासांनी मला तळहातावर घेतलं. "माज्याच हातान घातलंय गो मी ती," ते म्हणाले.

संध्याकाळी वायरमननं वायर बदलली आणि बारीक फ्यूजतार घातली. मला सुविधानं माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीत, सुपाऱ्यांचा घोस बांधायला घेतलं. चवथीला आरती रंगात आली असताना सखारामांनी पाहुण्यांचा चहा ठेवायला त्याच बोर्डाला पुन्हा शेगडी लावली आणि घर अंधारलं.

"अरे, हो फ्यूज काय कामाचो नाय!" सखाराम ओरडले.

"गप रे! तोच कामाचो," गोकुळदास म्हणाले. समईच्या उजेडात त्यांनी त्या फ्यूजकडे वळून हात जोडले. "आरती थांबवू नकात."

मित्रांनो, फ्यूज गेला तर चिडू नका. त्याच्या जागी माझ्यासारखीला बसवू नका. ती केसाएवढी पोर एका क्षणात वितळली आणि तिनं घर राखलं. मी मात्र माटोळीत सुपाऱ्या धरून लटकत होते, साधी काळीसुद्धा न पडलेली.