पुलावरचा धूर

मच्छिंद्रची पिकअप माझ्या गॅरेजला आली की आधी धूर पोचायचा आणि मग मच्छिंद्र. अकोले गावच्या बाजारातले लोक नाकाला धोतराचा सोगा लावून माझ्याकडेच रागाने बघायचे. गाडी आबासाहेबांची, चालवणार मच्छिंद्र आणि बोलणी खायची रज्जाक मिस्त्रीने.

"मिस्तरी, मालक म्हनत्यात इंजिनच गेलं," मच्छिंद्र म्हणाला. "आता इकून टाकू म्हनत्यात."

"मालकांनी बॉनेट उघडून बघितलं का कधी?"

"न्हाई. त्यांनी नुसता धूर बघितला."

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती आणि त्या वर्षी थंडी रेंगाळली होती. मी सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, मग तो हुंगला. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असेल आणि इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर आत पाणी शिरतंय, निळा असेल तर गाडी ऑइल पितेय. हा चांगला निळा होता. पण ऑइल कुठून पितेय ते उभ्या गाडीवर कळत नाही. चढाला जोर लावताना धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, मग सगळं इंजिन खोला. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून आलं आणि खाली पुन्हा पाय दाबल्यावर भपकन आला, तर व्हॉल्व्ह ज्यात वरखाली होतात ते गाईड झिजलेत. मग इंजिनचं नुसतं वरचं हेड उतरवून भागतं. आणि चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही, म्हणून कुणीतरी मागे तोंड करून हौद्यात बसावं लागतं.

मी गॅरेजला कुलूप लावलं. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. माझी बायको मुबारकबी जाऊन दोन पावसाळे झाले होते आणि आमची लेक जहिरा लग्न होऊन नगरला गेली होती. मिस्त्रीकडे माणूस येतो तो बिघाड घेऊन. गाडी नीट झाली की त्याचं तोंड दिसत नाही. याचं मला वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की राग यायचा, मग मी पुढच्या गिऱ्हाइकावर खेकसायचो. त्यामुळे नुसतं बोलायला म्हणून गॅरेजवर कुणी टेकत नसे.

बाजार करून डोंगराकडे परतणारी माणसं हौद्यात दाटीने बसली होती. मी मिठाच्या गोणीवर, फळीला पाठ न टेकता, मागचा रस्ता बघत बसलो. चढ आले, गाडी कण्हली, पण धूर म्हणावा तसा नव्हता. मग लांबलचक उतार लागला. मच्छिंद्रने पाय काढून गाडी सोडली. खाली ओढ्यावरचा पूल आला, समोरच्या चढासाठी त्याने पाय दाबला आणि मागे निळ्या धुराचा असा लोट उठला की पूलच दिसेना. हौद्यातल्या बायका पदर तोंडाला लावून खोकू लागल्या. मी मात्र मांडीवर थाप मारली. गाईडच होते.

पुलापलीकडचा चढ वळणं घेत वर गेला. वर जांभळाच्या झाडाखाली एक म्हातारी उभी होती. पुढ्यात दगडावर किटली आणि दोन कप. मच्छिंद्रने गाडी थांबवली.

"ही गोजरबाई," तो मला म्हणाला. "जरा मोठ्यानं बोला, हिला ऐकू येत न्हाई."

त्याने तिला मीठ आणि चहाची पुडी दिली, बाजारात काय झालं ते ओरडून सांगितलं. म्हातारीने त्याचा कप भरला, दुसरा माझ्या हातात दिला. तो तिचा स्वतःचा होता हे मला घोट घेतल्यावर समजलं.

"मला ठावं असतं तर तिसरा आनला असता," ती म्हणाली. "घर वर हाय, माझं."

वर बघितलं तर झाडीतून एक कौलारू टोक दिसत होतं. तिथून उतरायला तिला बराच वेळ लागत असणार. मी ओरडून विचारलं, "आम्ही येतोय हे तुम्हाला कळतं कसं?"

"गाडी न्हाई बा दिसत मला. पुलावर धूर दिसतो. धूर दिसला की आधन ठिवते आन् चहा झाला की उतरते. दुसरं कोन येतंय हितं? ल्योक बेलापुराकडं साखर कारखान्यात. दिवाळीला येतो. आला तर."

मी ऐकलं. अगदी नीट ऐकलं. पण माझ्या डोक्यात गाईड फिरत होते. गुळाचा कोरा चहा संपवला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मावशी, ह्या गाडीचा धूर मी बंद करणार आहे."

"बरं व्हईल," ती म्हणाली. "गाडी टिकंल."

नगरहून गाईड मागवले, हेड उतरवलं, सगळं जिथल्या तिथे बसवलं. आबासाहेब स्वतः येऊन सायलेन्सरला पांढरा रुमाल लावून बघून गेले. बाजारातही कुणी नाक धरलं नाही. मी दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडलो.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र आला. गाडी कशी पळते ते त्याने भरभरून सांगितलं. निघताना म्हणाला, "तेवढी गोजरबाई नव्हती रस्त्यावर. गेली असंल लेकाकडं. मिठाची पुडी तशीच ऱ्हायली."

"तू थांबलास का?"

"कुनी उभं असलं तरच थांबतो मी. पाशिंजर कावत्यात. हॉर्न मारला की."

"बहिऱ्या बाईला हॉर्न मारलास," मी म्हणालो आणि हातातला पाना फेकला. त्याला नाही, भिंतीला. मच्छिंद्रला वाटलं मी त्याच्यावर चिडलो. चिडलो होतोच, पण त्याच्यावर थोडाच. म्हातारी त्या दिवशी दारात बसून पुलाकडे बघत राहिली असणार आणि मी इकडे कॉलर ताठ करून हिंडत होतो. संध्याकाळी गॅरेजच्या दारात बसलो तर मीही रस्त्याकडेच बघतोय हे माझ्या लक्षात आलं. कुणी येणार नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पुन्हा गॅरेजला कुलूप लावलं. डालड्याच्या रिकाम्या डब्यात जळकं ऑइल आणि हात पुसायच्या चिंध्या कोंबल्या आणि डबा घेऊन हौद्यात बसलो. मच्छिंद्र बघत राहिला.

"धूर तर गेला, मिस्तरी. आता काय बघनार?"

"तू गाडी चालव. पुलावर थांबव."

पुलावर मी उतरलो, डबा कठड्यावर ठेवला आणि काडी ओढली. काळाकुट्ट धूर सरळ वर चढला. हौद्यातली माणसं हसायला लागली. उभा जन्म गाड्यांचे धूर बंद करण्यात गेला आणि आता भर दुपारी रज्जाक मिस्त्री पुलावर उभा राहून धूर काढतोय, हे मलाही दिसत होतं. हसू देत म्हटलं. चिंध्या जळून संपेपर्यंत मी कुणालाही हलू दिलं नाही. एक बाप्या कुरकुरला, त्याला म्हणालो, तुला घाई असेल तर चालत जा.

पुलापलीकडे गाडी मी मुद्दाम सावकाश घ्यायला लावली. वळणावर आलो तर जांभळाखाली कुणी नव्हतं. मच्छिंद्र माझ्याकडे बघायला लागला. मी खाली उतरून वरच्या पायवाटेकडे डोळे लावले. मग झाडीत किटलीचं झाकण वाजलं आणि गोजरबाई एका हाताने कारवीच्या झुडपांना धरत, एकेक पाऊल टाकत खाली आली. तिने किटली दगडावर ठेवली आणि पदरातून कप काढले. तीन होते.

"मी आलोय हे कसं कळलं तुम्हाला?" मी ओरडून विचारलं.

"कळलं न्हाई," ती म्हणाली. "मागल्या बाजाराला बी तीन धुवून चुलीपाशी मांडलं हुतं. धूरच न्हाई आला. दिवस मावळला तवा उचलून ठिवलं."

तिने आधी माझाच कप भरला. ती दगडाशी टेकली, मी जांभळाच्या मुळीवर बसलो आणि पुरवून पुरवून चहा प्यालो. मच्छिंद्रने दोनदा हॉर्न वाजवला, तरी आम्ही दोघंही उठलो नाही.