रिकाम्या पानाची बनित्सा

कोणतीही गोष्ट मुळापासून उभी करणं ही माणसाच्या धैर्याची अखेरची कसोटी असते, असं वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसच्या मालकिणीने, बिल्यानाने, सोमवारच्या बैठकीत जाहीर केलं आणि ती कसोटी ओग्न्यानकडे सरकवली. बाकीच्या दोघांनी तोवर आपापल्या कॉफीत डोकं घातलं होतं.

"काका, तुम्हीच करा. नवा प्रकल्प, नवं फोल्डर, सगळं कोरं. गरम पाण्याच्या स्नानगृहाची ऑनलाइन नोंदणी. शुक्रवारी स्नानगृहाच्या पेत्रुन्काबाई पहिलं पान बघायला येणार आहेत. अन् शुक्रवारीच तुमची ती नोकरीतली उमेदवारीपण संपतेय ना?"

"संपतेय," ओग्न्यान म्हणाला. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

पन्नाशी उलटल्यावर उमेदवारी करण्याची हौस कुणालाच नसते. ओग्न्यानने उभं आयुष्य प्लोव्दिव शहरातल्या एका तंबाखूच्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढले होते. कारखाना विकला गेला, त्या जागी कॉफीची दुकानं आली, आणि ओग्न्यान संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेबसाइट करायला शिकला. वर्गातली मुलं पहिल्या दिवशी त्याला पाहून उठून उभी राहिली होती. त्यांना वाटलं, मास्तर आले. आता ही नोकरी टिकली नाही, तर बायकोच्या भावाच्या टायरच्या दुकानात बसावं लागणार होतं. हे त्याची बायको रुमेना आठवड्यातून एकदा, अगदी प्रेमाने, सांगायची.

मुळापासून करायचं, म्हणजे प्रत्यक्षात फार काही करायचं नसतं. एक आज्ञा टाइप करायची. मग मशीन प्रश्न विचारतं: नाव काय, जावास्क्रिप्ट साधी की कडक शिस्तीची, चुका तपासणारं अवजार हवं का? ओग्न्यानने प्रत्येक प्रश्नाला एंटर मारलं. विवाहनोंदणी कार्यालयातही त्याचं धोरण हेच होतं. त्यानंतर जगभरातल्या अनोळखी लोकांनी लिहिलेल्या तयार कोडची हजारभर पुडकी भराभर त्याच्या फोल्डरमध्ये उतरली, आणि हे सगळं आपण मुळापासून केलं, असं म्हणायला तो मोकळा झाला.

संध्याकाळी ब्राउझरमध्ये एक पांढरंशुभ्र पान उमटलं. मधोमध मोठ्या अक्षरात: नमस्कार.

"आलं!" इस्क्रा ओरडली. पानांची रंगसंगती बघणं तिचं काम. इथे रंग नव्हता, तरी तिला आनंद झाला. "काका, पार्टी कधी?"

"अगं, रिकामं पान आहे ते."

"नवं आहे ना?" कालोयान म्हणाला. हा सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत भुकेला. "मग झालं तर!"

यावर वाद घालता येत नाही. आमच्याकडे नवी गाडी आली, नवा दात बसवला, नवा भाडेकरू मिळाला, तरी ज्याचं झालं त्याने बाकीच्यांना खाऊ घालायचं असतं. रुमेनाने "रिकाम्या पानासाठी?" एवढंच विचारलं आणि पहाटे उठून परातभर बनित्सा भाजली, पापुद्र्यापापुद्र्यात चीज सढळ हाताने घालून. मंगळवारी ऑफिसात परात पुसली गेली. ओग्न्यानने आपलं काम सगळ्यांना घेता येईल अशा जागी चढवलं आणि सांगितलं, "आपापल्या मशीनवर चालवून बघा हं."

बुधवारी कुणी काही बोललं नाही.

गुरुवारी त्याने स्वतःच विचारलं, "चाललं का गं तुझ्याकडे?"

"काका, बनित्सा काय झाली होती!" इस्क्रा म्हणाली. "काकूंना सांगा बरं का."

शुक्रवारी सकाळी बिल्यानाने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. मोठा पडदा तिच्याच मशीनला जोडलेला होता. पेत्रुन्काबाई येतच होत्या. ओग्न्यानने प्रकल्प सुरू केला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत चुकांची लाल अक्षरं धो धो वाहायला लागली.  त्याच्या डोळ्यांसमोर टायरच आले, एकावर एक रचलेले, आणि वरच्या टायरवर मेव्हणा बसलेला.

"माझ्याकडे असंच दिसतंय, काका," बिल्याना हळूच म्हणाली. "मंगळवारपासून. मला वाटलं, माझंच मशीन गेलं."

"माझ्याकडेपण," इस्क्रा म्हणाली.

ओग्न्यान कालोयानकडे वळला. "आणि तू?"

"माझ्याकडेपण हेच."

"अरे मग बोलायला काय झालं होतं?"

"दोन तुकडे खाल्ले होते मी काका. वर आईसाठी डब्यात नेले. कोणत्या तोंडाने सांगणार, की तुमचं चालत नाही?"

"थांब. तिघांकडे हीच लाल अक्षरं? शब्दन् शब्द?"

"शब्दन् शब्द."

ओग्न्यानने खुर्ची पुढे ओढली. तीन यंत्रं तीन तऱ्हांनी बिघडली, तर माणूस म्हातारा होतो. तिन्ही एकाच तऱ्हेने बिघडली, तर चूक आराखड्यात असते, आणि आराखडा आपल्याच टेबलावर असतो. त्याने लाल मजकूर पहिल्यांदाच सावकाश वाचला. पान बांधून देणारं अवजारच मशीनला सापडत नव्हतं. ते त्याने वर्गात असताना आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर बसवून ठेवलं होतं. प्रकल्पात घालायचं राहिलं होतं. म्हणजे सगळ्या गावाला जेवायचं आमंत्रण, आणि चूल घरीच.

त्याने चूल प्रकल्पात आणली. पुन्हा चालवलं. पांढरं पान. नमस्कार. इस्क्राने धावत जाऊन आपल्या मशीनवर पाहिलं. "आलं, आलं! इथेपण आलं!"

तेवढ्यात दार वाजलं.

पेत्रुन्काबाई कोट न काढता पडद्यासमोर बसल्या. पान त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अक्षर मोठं आहे," त्या म्हणाल्या. "चष्म्याशिवाय वाचता येतंय. छान."

जाताना त्या बिल्यानाच्या कानात काहीतरी बोलल्या. त्यांना जिन्यापर्यंत पोचवून बिल्याना परत आली. "काका, सोमवारपासून तुम्ही कायम. चूक तुमची, पण शोधलीत तुम्हीच. आम्ही तिघं तोंडात घास धरून बसलो होतो."

ओग्न्यानने मान डोलावली.  मग खिडकी उघडून त्याने बाहेर पाहिलं. खाली चौकात टायरचं एकही दुकान नव्हतं.

"कायम झालात?" मागून कालोयान म्हणाला. "मग पार्टी कधी?"

पेत्रुन्काबाईंनी ते पान छापून मागितलं होतं, खाली फोन नंबर घालून. ते आता स्नानगृहाच्या काचेच्या दाराला चिकटवलेलं आहे. नोंदणी फोनवर होते.